वरचं बटन

भागीरथाबाईंची सून मेघा विद्यापीठात शिकता शिकता तिथंच नोकरी करायची. पुस्तकातल्या चित्रांत काय दिसतं ते लिहायची. ते कॉम्प्युटर आंधळ्या पोरांना वाचून दाखवायचा. बाई त्यावरून उठताबसता टोमणे मारायच्या. लेक अपघातात गेला, आठ दिवस झाले. बाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आज स्टुडिओतून त्याचा फोटो आला, तशी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “काय वं, आंधळ्यायले सांगतं तसं मले सांग. दिसते तेवढंच. रडणं-बिडणं नाई पायजे.” मेघा म्हणाली, “निळा शर्ट. हसून राह्यले. वरचं बटन नाई, आई.” फोटो काढायला निघताना लेक बाईंकडे तुटलेलं बटन लावून मागत होता. “तुही बायको आंधळ्यायपुरतीच हाये काय?” म्हणत बाईंनीच हाकललं होतं. तोच शर्ट त्यांनी खुंटीवरून मांडीवर घेतला. मेघापुढे सुई धरली. “दोरा ओवून दे. मले दिसून नाई राह्यलं.”