शेडवरची नवी मुकादमीण

"अगं ए, हळकुंडात गड्डा टाकलास! डोळे घरी ठिवून आलीस काय?"

शालूबाईंचा आवाज पत्र्याच्या शेडभर फिरला आणि चाळीस बायांच्या माना खाली गेल्या. हळकुंडं एकीकडं आणि जाडे गड्डे दुसरीकडं निवडायचं ते काम, आणि बोलणं मिनाला होतं. रोज तिलाच असायचं.

कुरुंद्याच्या त्या हळदीच्या शेडचे मालक रामप्रसादशेठ यात्रेला जाताना सांगून गेले होते, "सोमवारी नवी मुकादमीण येईल. ती दहा नावं देईल, त्या दहाजणींनाच पावसाळ्यात काम." सोमवारी सकाळी फाटकात शालूबाई उभ्या दिसल्या, तसे कारकून गोपीचंद धावतच गेले. "या, या! तुमचीच वाट बघून राहिलो!" त्यांनी बाईंना थेट बायांसमोर नेऊन उभं केलं. बाईंनी घटकाभर सगळं न्याहाळलं, पदर खोचला आणि मग जे तोंड सुटलं, ते सुटलंच!

मिना एकवीस वर्षांची. सेनगावकडच्या तांड्यावरची, इथं मावशीकडं राहून काम करायची आणि रविवारी वसमतला शिवणाच्या क्लासला जायची. पावसाळ्यातलं काम गेलं तर क्लास अर्धाच टाकून तांड्यावर परत जायचं. म्हणून ती जीव मुठीत धरून बसायची. आणि बाईंचं ध्यान नेमकं तिच्यावरच. डबा उघडला तरी वाकून बघणार. "भाकर तूच थापलीस का? तुमी राठोड का चव्हाण?" मुकादमीला आडनाव कशाला लागतं, सांगा बरं! पण विचारणार कोण?

तीन दिवसांत शेडची रयाच गेली. गाणी बंद, हसणं बंद. धाकानं हळकुंडात गड्डे आणखीच मिसळायचे. चौथ्या दिवशी पेमा, चार लेकरांची आई, पोत्यांच्या थप्पीआड जाऊन ओक्साबोक्शी रडली.

ते बघून मिनाचं डोकंच फिरलं. गेलं काम तर गेलं! ती सरळ शालूबाईंपुढं जाऊन उभी राहिली.

"बाई, काहून इतकं वरडता? तुमी वरडल्या की आमचे हातच चालत न्हाईत. जरा गोडीनं बोलून तर बघा."

शालूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घरीबी अशीच तोंडावर बोलतीस व्हय?"

"चुकलं त्याला बोलते. पण गोडीनं बोलते."

बाई पदर झटकून निघून गेल्या. मिनानं मनातल्या मनात कामाला रामराम केला.

दुसऱ्या दिवशी शालूबाई आल्या त्या थेट बायांच्या ओळीत बसल्या. "पेमा, कंबर दुखत व्हती ना तुझी? ये, ह्या पोत्याला टेकून बस." बाया चाट पडल्या. दुपारपर्यंत कुणीतरी गाणं धरलं, संध्याकाळपर्यंत थट्टामस्करीही सुरू झाली. शनिवारपर्यंत माल इतका निवडून झाला की गोपीचंदांना पोती शिवायला सुतळी पुरेना.

पुढच्या सोमवारी शेठ परतले. भरलेली पोती बघून त्यांची कळी खुलली. गोपीचंदांनी दहा नावं वाचली. पहिलंच नाव मिनाचं! तिनं आनंदानं पेमाला मिठीच मारली.

"नावं कुणी ठरवली?" शेठनी विचारलं.

"तुमच्या मुकादमीणबाईंनी. ह्या काय बसल्यात!"

शेठनी कपाळाला हात लावला. "मी ठरवलेली मुकादमीण तर पाय मोडून घरी पडलीय. ह्या कोण?"

शालूबाई पदर सावरत उठल्या.

"मी माझ्या लेकासाठी मिनाला बघाया आले व्हते. ह्या कारकुनांनी बोलूच दिलं न्हाई, आत नेऊन उभं केलं. मग म्हटलं, आठ दिवस पोरीला जवळून पारखू. मला तर पोरगी पसंत हाय. आता सासू पसंत हाय का, ते तिला इचारा."