वरचं एक

विमान सुटायला तासच उरला होता आणि कस्टमचा अधिकारी आमच्या गुलाबांच्या कळ्या मोजत होता. कागदावर जुडीला वीस, टेबलावर एकवीस. दुसरी जुडी सोडली, तिच्यातही एकवीस. “सगळ्या पेट्या उघडा.” तापलेल्या पत्र्याखाली कळ्या उमलायला वेळ लागत नाही, आणि उमललेली कळी कुणी घेत नाही. बाबांना फोन लावला. जुड्या तेच बांधतात. तीस वर्षं त्यांनी हातगाडीवर फुलं विकलीत. “कमी भरलं का रे?” ते चरकले. “जास्त. प्रत्येक जुडीत एक.” “अरे, ते वरचं. गिऱ्हाइकाला वरचं एक द्यायला नको? ते कोण मोजतं?” शेवटची पेटी मोजून होईपर्यंत मी येरझाऱ्या घातल्या. अधिकाऱ्याने फॉर्म पुढे ओढला. “जादा मालाचा हेतू?” “लिहा, वडिलांची सवय.” “त्याला रकाना नाही.” डोक्यावरून आमचं विमान गेलं. टेबलावर एकविसावी कळी उमलायला लागली होती.