दुसरा कप

मालकांनी थर्मासवरचा कप फिरवून काढला. त्याच्या पोटातून दुसरा निघाला.

"हे कुणाचं डोकं?"

थर्मासला कप एकच द्यायचा, हा कारखान्याचा जुना नियम. तरी महिनाभरात हजारएक थर्मास दोन-दोन कप घेऊन बाजारात गेले होते. बोट एकाच टेबलाकडे जात होतं. पॅकिंगच्या मावशी दारात उभ्या होत्या. नोकरीची बावीस वर्षं झाली होती, निवृत्तीला दोन महिने उरले होते. मालक आजच त्यांना घरी पाठवणार होते.

"कप एकात एक अडकतात," सुपरवायझर म्हणाला. "यांना दिसत नसेल. वय झालं."

तेवढ्यात जाहिरातवाले साहेब पत्रांचा गठ्ठा घेऊन आत घुसले. लोकांनी आपण होऊन एकमेकांना सांगावा असा माल हवा, म्हणून यांना नेमलं होतं. वर्षभरात त्यांनी एकोणीस घोषवाक्यं लिहिली. ती त्यांच्या बायकोनेही कुणाला सांगितली नव्हती.

"ऐका! बस थांब्यावर शेजारच्या बाईंना दुसरा कप भरून दिला, आता त्यांनाही असाच थर्मास हवाय. आणि हे आजोबा! भावाशी सहा वर्षं अबोला होता. दुसरा कप भरून नुसता त्याच्यापुढे सरकवला. भाऊ म्हणाला, साखर कमी आहे."

मागणी तिप्पट झाली होती.

"दुसरा कप म्हणजे मूळ माझीच कल्पना," साहेबांनी घसा साफ केला.

"परवानगी मी दिली होती," सुपरवायझर म्हणाला.

मघापर्यंत त्या चुकीला बाप नव्हता. आता दोन झाले.

मालक मावशींकडे वळले. "मावशी, खरं सांगा. कप अडकत होते ना?"

"नाही हो. मीच मोजून दोन घालत होते. म्हटलं, जायच्या आधी तेवढं करून जावं."

"पण का?"

मावशींनी चष्मा पुसला. "कामाचा पहिला दिवस होता. मी कोपऱ्यात एकटीच बसले होते. तुम्ही तुमचा थर्मास उघडून मला चहा दिलात. कप एकच. माझा पिऊन होईपर्यंत थांबलात."

मालकांना काही आठवेना. "मग?"

"मग काय, तुमचा गार झाला. तेव्हा आपला थर्मास एवढा चांगला नव्हता."