जड क्लच

त्याच्या बायकोचा भाऊ दर रविवारी येऊन त्याचा जुना ट्रक हक्काने घेऊन जायचा. शेवटी ट्रकमालकाने शक्कल लढवली. मेहुण्याला गिअर टाकता येत नव्हते, म्हणून ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून त्याने हाताने टाकायचा गिअर बसवायला दिला. तोंडाने नाही म्हणायला नको, सुंठीवाचून खोकला गेला!

"क्लचला हायड्रॉलिक लावू? लोण्यासारखा दबतो," मिस्त्री म्हणाला. "जुना लोखंडी दांडा लावला, तर पायाचे तुकडे पडतील."

"दांडाच लाव!"

रविवारी मेहुणा आला. त्याने एकदाच क्लच दाबून पाहिला आणि सरकून शेजारच्या सीटवर ऐसपैस बसला.


"भावजी, हे आपल्याच्याने नाही बुवा व्हायचं. आता दर रविवारी चालवायला तुम्हीच!"