परकरातला घेवडा

मधमाशीशिवायही घेवड्याला शेंगा धरतात, हे सिद्ध करायचा लडग्रोव्हसाहेबांनी चंगच बांधला होता. बायकोचे तीन मलमली परकर त्यांनी बागेतल्या वेलांवर चढवले आणि दोरीने गच्च आवळले. दर रविवारी दुपारी पाद्री चहाला आले, की साहेब खोलीची कडी लावून जर्मनीतल्या प्राध्यापकाला भांडणाचं पत्र लिहायला बसत. "मधमाशीशिवाय शेंग? अशक्य!" असं तिकडून ठणकावून उत्तर येई.

ऑगस्टात वेल शेंगांनी लगडले. "एकही माशी आत शिरलेली नाही, माझी सगळी अब्रू पणाला लावतो," असं लिहून साहेबांनी पत्र जर्मनीला धाडलं, त्याच्या नकला लंडनच्या विद्वानांना धाडल्या आणि शीळ घालत घरी आले.

"मिसेस टॉवी, या परकरांनी इतिहास घडवला!" ते घर सांभाळणाऱ्या बाईंना म्हणाले.

"घडवू देत हो. पण रविवारी बाईसाहेबांचे परकर पाद्रीबाबांच्या डोळ्यांसमोर? छे! ते यायच्या आधी मी उतरवून ठेवायचे, ते गेले की पुन्हा चढवायचे."

मिसेस टॉवी पुढे म्हणाल्या,

"पाद्रीबाबा तर दर वेळी म्हणायचे, काय गोड गुणगुणतात हो तुमच्या घेवड्यावर मधमाश्या!"