चाचणी मतदार

शाळेची ऑनलाइन निवडणूक ढापणी आणि तिच्या मैत्रिणींनी उभी केली होती आणि ती बिनबोभाट पार पडली होती. संगणकाच्या लॅबमध्ये मत देताना कॅमेरा फोटो काढायचा, म्हणून फसवाफसवीला वावच नव्हता. मंचावर ढापणीचं कौतुक चाललं होतं. पहिल्या रांगेत आईची मान ताठ झाली होती.

तेवढ्यात संगणकाचे सर लॅपटॉप घेऊन तिच्या कानाशी वाकले. "अगं, चाचणी मतदार कोण?"

ढापणीनं जीभ चावली. तपासणीसाठी तिनं स्वतःकरताच या नावाचा जादा मतदार बनवला होता, तो काढायचा राहिला. "माझं जुनं मत असेल, सर."

"जुनं कसलं? आत्ता पडलंय. आणि लॅबची किल्ली तर माझ्या खिशात आहे."

फोटोत लॅबच्या खुर्चीवर ढापणीच बसली होती, अभिमानानं हसत. तिच्या मागच्या खिडकीतून सभागृहाचा मंच दिसत होता. मंचावर सर ढापणीच्या कानाशी वाकले होते.

लॅपटॉप किणकिणला. आणखी एक मत पडलं.

या फोटोतली ढापणी टाळ्या वाजवत होती. मागच्या मंचावर सर एकटेच उभे होते.

सरांनी चमकून शेजारी पाहिलं, थेट तिच्या डोळ्यांत.

"अरेच्चा," ते म्हणाले, "आत्ता इथे होती, कुठे गेली ही?"