पहिलं पाणी

"बसा खाली. आणि एक अक्षर बोलू नका," बायको कुजबुजली.

अर्धवट उठलेला चावीवाला पुन्हा खुर्चीत टेकला. नगरपालिकेच्या सभागृहातल्या घड्याळात अकराला पाच कमी होते. अकराला शहराचं पाणी सुटायचं. आज ते बदली माणूस सोडणार होता. कारण चावीवाल्याचा सत्कार होता, आणि सकाळीच गाडी पाठवून नवराबायकोला उचलून आणलं होतं.

टाळ्या झाल्या. मग अध्यक्षबाईंनी खरा विषय काढला. शहराचे जमिनीखालचे सगळे नळ आणि गटारं नव्यानं घालायची की नाही, यावर आज मतदान होतं. पुढच्या पन्नास वर्षांची सोय व्हायची होती.

"अकरा वर्षं या माणसाच्या वहीत एकच ओळ आहे," त्या म्हणाल्या. "पाणी ठीक, तक्रार नाही. मग धडधाकट नळ उखडून एवढा पैसा मातीत कशाला घालायचा? नातवंडं बघून घेतील त्यांचं!"

लोक हसले. चावीवाल्याच्या मानेवर घाम आला.

नळ धडधाकट नव्हते. सांध्यासांध्यात कुजले होते, आणि खेटूनच गटार वाहत होतं. पाणी बंद असलं की रिकामा नळ गटारातलं आत ओढायचा. म्हणून चावीवाला रोज नळाच्या टोकाची चावी उघडून पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी ओढ्यात सोडायचा. मगच वस्तीला द्यायचा. नियमानं तो गुन्हा होता. सुरुवातीला त्यानं साहेबाला नळांचं सांगून पाहिलं. "तुझी अक्कल पाजळू नकोस," साहेब म्हणाला. मग यालाही चढली. शहर आपल्या हातावर चाललंय, या गुर्मीत तो वहीत 'ठीक' लिहीत राहिला. पुरुषाला असली गुर्मी फार गोड लागते.

"अगं, त्या बदलीवाल्याला पहिल्या पाण्याचं माहीतच नाही," तो पुटपुटला. "सरळ वस्तीला सोडेल तो."

"सोडू दे. एका दिवसानं कोणी मरत नाही. पेन्शनला अठ्ठावीस दिवस उरलेत. आत्ता बोललात तर म्हातारपणी काय दगड खायचे?"

अकरा वाजले. कोपऱ्यातला नळ आधी फुसफुसला, मग धो धो वाहू लागला. अध्यक्षबाईंनी स्वतः पेला भरला आणि उजेडात धरला.

"बघा! काचेसारखं पाणी. याला नवा नळ हवा म्हणे!"

शेजारी कारकून बाई सभेचं टिपण लिहीत होती. दिवस भरत आलेले, उन्हानं चेहरा उतरलेला. अध्यक्षबाईंनी पेला तिच्या हातात दिला.

"घे गं, दोघांच्या वाटचं पी."

चावीवाल्यानं डोळे मिटून घेतले.

बायको कधी उठली, ते तिचं तिलाच कळलं नाही. दोन खुर्च्या आडव्या पाडत ती पुढे गेली आणि तिनं पेला हिसकावला. पाणी सगळ्या कागदांवर सांडलं.

"वेड लागलंय का तुला?" अध्यक्षबाई कडाडल्या. "तुझ्याच नवऱ्यानं 'ठीक' म्हणून लिहिलेलं पाणी आहे ते!"

"त्यांनीच लिहिलंय," बायको म्हणाली. "आणि अकरा वर्षांत आमच्या घरी एक थेंबसुद्धा उकळल्याशिवाय कुणाच्या पोटात गेलेला नाही."